झाडाचं नाव, रेणूचा पत्ता

कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर ठाण्याला सिव्हिल सर्जन होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला माणूस, अफगाण युद्धावर जाऊन आलेला. पण ओढा सगळा झाडापाल्याकडे. मुंबई इलाख्यातल्या विषारी वनस्पतींवर त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लेखमाला लिहिली. १९१७ साली ते वारले आणि १९१८ साली मेजर बामनदास बसू यांच्या जोडीने केलेला त्यांचा ‘इंडियन मेडिसिनल प्लांट्स’ हा ग्रंथ अलाहाबादहून बाहेर पडला. आजही एखाद्या औषधी वनस्पतीवरचा शोधनिबंध घेऊन संदर्भांच्या मागे मागे जात राहिलं, की बऱ्याचदा ‘कीर्तिकर आणि बसू’ या दोन नावांपाशी येऊन थांबावं लागतं.

त्या ग्रंथाची मांडणी बघण्यासारखी आहे. लॅटिन नाव, त्याची जुनी पर्यायी नावं, निरनिराळ्या भाषांतली बोलीनावं, कुठे उगवते, दिसते कशी, उपयोग काय. वनस्पती बदलली तरी रकाने तेच. संगणकवाले याला टेबल म्हणतात. ठाणेकरांनी थोडी फुशारकी मारायला हरकत नाही.

ज्या पुस्तकाची ही प्रस्तावना आहे, त्याचा विषय त्या रकान्यांना पुढचे रकाने जोडण्याचा आहे. वनस्पतीच्या कोणत्या अंगात कोणता रेणू आहे, तो शरीरातल्या कोणत्या प्रथिनाला जाऊन चिकटतो, आणि त्या प्रथिनाचा कोणत्या आजाराशी संबंध आहे. एका टोकाला आजीबाईचा बटवा, दुसऱ्या टोकाला जनुकं आणि प्रथिनं, आणि मधली साखळी संगणकात. कल्पना ऐकायला सोपी आहे. चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसमध्ये अरिजित सामल यांच्या गटाने २०१८ मध्ये ‘इम्पॅट’ नावाचा असा डेटाबेस प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात १७४२ भारतीय औषधी वनस्पती आणि ९५९६ वनस्पतिजन्य रसायनं होती. दुसऱ्या आवृत्तीत वनस्पती ४०१० झाल्या आणि रसायनं १७,९६७. ही माहिती गोळा करायला माणसांनी जुनी पुस्तकं आणि शोधनिबंध बसून वाचले, कारण आपल्याकडचं वनस्पतींचं ज्ञान अजून बरंचसं छापील पानांत अडकलेलं आहे.

या कामात अडचण कुठे येते असं विद्यार्थ्यांना विचारलं, तर ते रेणूंकडे बोट दाखवतात. रसायनशास्त्र अवघड, संगणकाचे प्रोग्रॅम अवघड. माझं मत वेगळं आहे. रेणू गरीब असतो, दिलेल्या जागी मुकाट बसतो. खरी मारामारी पहिल्याच रकान्यात आहे, वनस्पतीच्या नावापाशी.

कल्याणच्या किंवा ठाण्याच्या काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन शंखपुष्पी मागा. दुकानदार पुडी बांधून देईल. पुडीत काय असेल? कॉन्व्हॉल्व्ह्युलस असू शकेल, विष्णुक्रांता म्हणजे इव्हॉल्व्ह्युलस असू शकेल, आणि काही ठिकाणी गोकर्णही याच नावाने खपते. तिन्ही वनस्पतींना शंखपुष्पी म्हणणारे वैद्य आणि ग्रंथ सापडतात, त्यामुळे दुकानदाराला खोटं पाडता येत नाही. ब्राह्मीचं तेच. शास्त्रीय लेखनात ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी. आपल्याकडे कुंडीत ब्राह्मी म्हणून जी लावतात ती पुष्कळदा मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. पहिलीत बॅकोसाइड असतात, दुसरीत एशियाटिकोसाइड. दोन्ही बुद्धिवर्धक म्हणून प्रसिद्ध, पण कुळं वेगळी, रसायनं वेगळी. ‘ब्राह्मी’ या एका शब्दाखाली दोन्हींची रसायनं घातली, तर संगणकात तयार होते ती जगात कुठेच न उगवणारी वनस्पती. आणि संगणक तिच्यावर बिनतक्रार पुढची सगळी गणितं करून देतो.

ही नुसती पंडितांची कटकट नाही, हे करोनाच्या काळात दिसलं. घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता. शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रामार्फत गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना विकली आणि केंद्र सरकारनेही त्याचं कौतुक केलं. त्याच सुमारास, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये, मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांना आढळले. सहाही जणांनी गुळवेल घेतलेली होती. २०२१ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि वाद पेटला. आयुष मंत्रालयाने गुळवेल निर्धोक असल्याचं सांगितलं आणि टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया या खऱ्या गुळवेलीच्या जागी टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिच्यासारखी दिसणारी वेल वापरली गेली असेल, याकडे लक्ष वेधलं. यकृततज्ज्ञांचं समाधान झालं नाही. पुढे देशातल्या अनेक केंद्रांतल्या रुग्णांचा अभ्यास करून त्यांनी गुळवेलीवरचा ठपका कायम ठेवला.

या वादात कोण बरोबर, हा निवाडा प्रस्तावनेचा नव्हे. पण दोन वेलींतला फरक बघा. क्रिस्पाच्या खोडावर ठसठशीत गाठी असतात, तोडलं की दुधाळ चीक येतो, फुलाला तीन पाकळ्या, फळ लांबट. गुळवेलीला तशा गाठी नाहीत, दुधाळ चीक नाही, पाकळ्या सहा, फळ गोल. रानात उभं राहून बघितलं तर शाळकरी पोरगंही सांगेल. वाळवून, तुकडे करून, दळून पाकिटात भरल्यावर मात्र कुणाच्या बापाला ओळखता येत नाही. तिथे मग सूक्ष्मदर्शक, एचपीटीएलसीची पट्टी किंवा डीएनए बारकोड यांच्याकडेच जावं लागतं. म्हणून ज्या नोंदीमागे हर्बेरियमचा नमुना नाही, म्हणजे दाबून वाळवलेली, कागदावर चिकटवलेली, तारीख-ठिकाण-क्रमांक लिहिलेली फांदी नाही, ती नोंद डेटाबेसमध्ये घेताना शंभरदा विचार करावा. सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम लोकलच्या अंतरावर आहे. तिथले कागद बघितल्याशिवाय या कामाला हात घालू नये, असं माझं हट्टाचं म्हणणं आहे.

रेणू गरीब असतो म्हटलं खरं, पण त्यालाही नावांचा जाच चुकलेला नाही. त्याची सगळ्यांत चांगली गोष्ट ठाण्याच्या वेशीवर, मुलुंडला घडली. तिथल्या हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात भारतीय वनस्पतींची पद्धतशीर चाळणी चालू होती. गुजरातेत जिच्या मुळांचं लोणचं घालतात त्या गरमर नावाच्या वनस्पतीचा अर्क रक्तदाब उतरवतो असं दिसलं, आणि त्यातून वेगळ्या केलेल्या रेणूची रचना १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली: फोर्स्कोलिन. त्याच काळात लखनौच्या सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूटमध्येही याच वनस्पतीवर काम चालू होतं. त्यांनी आपल्या रेणूला नाव दिलं कोलिओनॉल आणि रचना जराशी वेगळी मांडली. पुढे १९८५ मध्ये स्पष्ट झालं की दोन्ही एकच. मधल्या काळात जगातल्या ग्रंथालयांत एकाच पदार्थाच्या दोन फायली फिरत होत्या. वनस्पतीचीही तीच तऱ्हा: कोलिअस फोर्स्कोली, कोलिअस बार्बेटस, प्लेक्ट्रॅन्थस बार्बेटस. यांतलं एकच नाव घालून शोधणाऱ्याला अर्धंमुर्धं वाङ्मय हाती लागतं.

फोर्स्कोलिनचं नशीब थोर. अ‍ॅडेनिलेट सायक्लेज या एन्झाइमला तो थेट चेतवतो, हे १९८१ मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं, आणि तेव्हापासून जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत मुलुंडचा हा रेणू रोजच्या वापरातला झाला. लोणच्याच्या मुळापासून पेशीतल्या एन्झाइमपर्यंतची साखळी इथे प्रत्येक कडीसकट पुराव्याने जोडलेली आहे. अशा साखळ्या थोड्याच आहेत, हे विद्यार्थ्यांनी आधीच लक्षात घ्यावं.

रेणूच्या नावांवर आता बऱ्यापैकी तोडगा निघालाय. आयुपॅक या संस्थेने ठरवलेल्या पद्धतीने प्रत्येक रचनेची ‘इंची-की’ तयार करता येते, मधल्या दोन आडव्या रेघा धरून २७ चिन्हांची. पहिली १४ अक्षरं सांगतात कोणता अणू कोणाला जोडलाय. अणूंची अवकाशातली ठेवण त्यापुढच्या भागात येते. त्यामुळे ठेवणीपुरता फरक असलेल्या दोन रेणूंची पहिली १४ अक्षरं सारखी निघतात आणि ‘हे भावंड तर नव्हे?’ हा प्रश्न आपोआप पुढे येतो. दोन गटांनी दोन नावं दिली तरी रचना एकच असेल तर की एकच. वनस्पतीसाठी इतकी रोखठोक किल्ली नाही. कुणी तरी मान वाकवून फूल बघावंच लागतं.

आता एका अशा रकान्याबद्दल, जो बहुतेक डेटाबेसमध्ये मला नीटसा सापडत नाही. आयुर्वेदात औषध देताना झाडाचं नाव सांगून भागत नाही. कल्पना, म्हणजे औषध तयार करण्याची कृती, सांगावी लागते. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट. ठेचून पिळलेला रस, वाटलेली चटणी, उकळून आटवलेला काढा, रात्रभर थंड पाण्यात भिजवलेलं, गरम पाणी ओतून गाळलेलं. पाच कृतींत झाडातून पाच वेगवेगळे ऐवज उतरतात. गुळवेल सत्त्वाचंच बघा. ओली खोडं ठेचून पाण्यात कुस्करायची, गाळायची, पाणी निवळू द्यायचं. वरचं कडू पाणी अलगद ओतून टाकायचं आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा. तो साका मुख्यतः स्टार्च असतो. गुळवेलीतली जी अल्कलॉइडं पाण्यात विरघळतात, त्यांतली बरीचशी त्या कडू पाण्याबरोबर मोरीत गेली. आणि डेटाबेस मात्र गुळवेल या नावासमोर बर्बेरिन लिहून मोकळा होतो. वैद्य सत्त्व देतोय की काढा, याचा पत्ताच नाही.

चीनमध्ये तू यूयू यांना याच रकान्याने वाट दाखवली. मलेरियावर चिंगहाव ही वनस्पती चालते असं जुन्या ग्रंथांत होतं, पण उकळून काढलेल्या अर्काचे निकाल धड येत नव्हते. चौथ्या शतकातल्या गे हाँग यांच्या ग्रंथात ती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली आहे, उकळायला नाही. ते वाचून त्यांनी कमी तापमानावर ईथरने अर्क काढला आणि त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं. २०१५ चं नोबेल त्या कामाला आहे. कृती हा शब्द पाककृतीतला म्हणून गाळायचा नसतो.

दुसरा हरवलेला रकाना नकाराचा. १९३१ साली मुंबईच्या हाफकिन संस्थेत म्हसकर आणि केअस या दोघांनी साप चावल्यावर देतात त्या झाडपाल्याची चाचणी प्रसिद्ध केली. तीनशेहून अधिक वनस्पती, शिवाय मिश्रणं. प्राण्यांवर प्रयोग केले आणि एकही विष उतरवत नाही, असा निकाल दिला. हेच दोघे पुढे ब्लॅटर यांच्यासह कीर्तिकर-बसूंच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती सिद्ध करायला बसले. म्हणजे झाडपाल्याचे वैरी मुळीच नव्हते. त्यांचा तो नकार आजच्या किती डेटाबेसमध्ये दिसतो? ‘सर्पदंशावर उपयोगी’ ही ओळ शेकडो वनस्पतींसमोर अजून तशीच आहे, कारण जुन्या पुस्तकातून ती उचलणं सोपं आणि तिच्यापुढे ‘तपासलं, उपयोग नाही’ लिहिणं कुणाच्या आराखड्यातच नाही. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर पावसाळ्यात साप चावणं ही नेहमीची गोष्ट आहे. तिथे या रकान्याची किंमत वेगळी सांगायला नको.

तिसरी गोष्ट पुराव्याच्या दर्जाची. रेणू आणि प्रथिन यांच्यामधली रेघ दोन प्रकारे ओढता येते. एक, प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजून. दोन, संगणकाच्या अंदाजाने. अंदाजाची रेघ ओढायला दुपार पुरते, मोजमापाला वर्ष जातं, आणि पडद्यावर दोन्ही रेघा सारख्याच निळ्या दिसतात. पुणे विद्यापीठात भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रिफळ्यातल्या रेणूंचं आणि त्यांच्या लक्ष्य-प्रथिनांचं जाळं मांडलं, ‘नेटवर्क फार्माकॉलॉजी’ या पद्धतीने. अशा जाळ्यातून पुढे कोणता प्रयोग करावा याची चांगली दिशा मिळते. पण ते जाळं म्हणजेच सिद्धता, असं समजून लिहिलेले निबंध पुढे इतके निघाले की वाचवत नाहीत. करक्युमिनचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं. हळदीतला हा रेणू जवळजवळ प्रत्येक चाचणीत ‘लागू’ निघतो. कारण तो अनेक प्रथिनांना उगाच चिकटतो, स्वतः चमकतो, आणि चाचणीचं यंत्रच फसतं. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने त्याच्यावरच्या साहित्याची सविस्तर झाडाझडती घेतली, ती या विषयात शिरणाऱ्याने आधी वाचावी.

उलट्या दिशेनेही साखळी जुळते, आणि तिचा मुंबईतला दाखला जुना आहे. सर्पगंधेवर कलकत्त्याचे वैद्य-डॉक्टर आधीच लिहीत होते, केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. रेसर्पिन हा रेणू स्वित्झर्लंडमध्ये वेगळा झाला तो १९५२ मध्ये. रुग्ण आधी, रेणू नंतर. डॉ. अशोक वैद्य ज्याला ‘रिव्हर्स फार्माकॉलॉजी’ म्हणतात ती हीच वाट, आणि डेटाबेसच्या आराखड्यात तिला जागा हवी. रुग्णाच्या अनुभवाची नोंद ही शेवटची कडी नसते, पुष्कळदा पहिली असते.

ठाणे-कल्याण-डोंबिवली हा पट्टा या कामाला सोयीचा आहे, असं मला वाटतं, आणि त्यात गावाचा अभिमान थोडाच आहे. पूर्वेला मुरबाड-शहापूरचं रान, पश्चिमेला येऊर. पावसाळा लागला की स्टेशनबाहेर टाकळा, कुर्डू, शेवळं घेऊन बसणाऱ्या बायका. त्यांना ज्या झाडांची ओळख आहे त्यांतली निम्मी वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरांना येत नाहीत. कल्याणचं बिर्ला, ठाण्याचं बांदोडकर अशी विज्ञानाची महाविद्यालयं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत आयुष्यभर रसायनं हाताळलेली, क्यूसीमध्ये क्रोमॅटोग्राफीचे आलेख वाचून डोळे गेलेली माणसं आता निवृत्त होऊन बागेत बसतात. आणि घरटी एक संगणकवाला, जो रोज सकाळी ऐरोली-घणसोलीला जाऊन कुठल्या तरी परदेशी बँकेचे तक्ते सांभाळतो. चौघांची गाठ पडत नाही, एवढंच. डेटाबेस बांधायचा तर चौघंही लागतात.

राहिला प्रश्न मालकीचा. १९९५ मध्ये हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवलं, तेव्हा ‘आमच्या आजीला ठाऊक होतं’ हे सांगून चालत नव्हतं. संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा छापील निबंध पुढे करावा लागला. त्यातूनच २००१ मध्ये ट्रॅडिशनल नॉलेज डिजिटल लायब्ररीचं काम सुरू झालं. जुन्या ग्रंथांतले योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत पेटंट तपासनिसांना वाचता येतील असे मांडले गेले. ते संरक्षण लिखित ज्ञानाला मिळालं. कातकरी सुईणीच्या तोंडी असलेलं ज्ञान ग्रंथात नसतं. ते आपण पहिल्यांदा लिहिणार, आणि लिहिलं की ते सगळ्यांचं होणार. नोंदीत तिचं नाव घालावं की गावाचं, तिला विचारलं का, काही उत्पन्न झालं तर तिचा वाटा कसा पोचणार, याचं उत्तर २००२ च्या जैवविविधता कायद्यात काही अंशी आहे. बाकीचं डेटाबेस करणाऱ्याने स्वतःच ठरवायचं आहे.

माझा आणि या पुस्तकाच्या संपादकांचा एकच मतभेद उरलाय, तो नरक्यावरून. नरक्या हे सह्याद्रीतलं घाण वासाचं लहानसं झाड. १९७२ मध्ये गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातून गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी त्यात कॅम्प्टोथेसिन असल्याचं प्रसिद्ध केलं. हा रेणू १९६६ मध्ये अमेरिकेत वॉल आणि वाणी यांना एका चिनी झाडात सापडलेला होता. त्याच्यापासून बनवलेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही कर्करोगावरची औषधं १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि आपल्या घाटमाथ्यावर कुऱ्हाडी चालू झाल्या. मुळासकट उपटलेला माल, चोरटी वाहतूक, वनखात्याच्या धाडी. झाड आणि रेणू यांच्यामधली रेघ अचूक निघाली आणि तिने झाडाचा घात केला. संपादकांचं म्हणणं, शास्त्रीय नोंदीत नमुना कुठे गोळा केला ते अक्षांश-रेखांशासकट हवंच, नाहीतर दुसऱ्याने ती पडताळायची कशी? म्हणणं रास्त आहे. माझं म्हणणं, अचूक ठिकाण हर्बेरियमच्या कागदावर राहू द्यावं, मागेल त्याला कारण विचारून दाखवावं, आणि खुल्या डेटाबेसमध्ये फक्त तालुका लिहावा. छापताना त्यांनी अक्षांश-रेखांश ठेवलेत, दशांशानंतरचे आकडे मात्र काढून टाकलेत. म्हणजे आता नकाशावर टिंब पडतं ते साधारण शंभर किलोमीटर लांबीरुंदीच्या चौकोनासाठी. पुढच्या आवृत्तीच्या वेळी पुन्हा भांडू.